दहा नंबरची काच

भिंगताईंनी चौतीस वर्षांत एका वितीपलीकडचं काही पाहिलेलंच नाही, असं त्यांचे यजमान चारचौघांत सांगायचे. यात अतिशयोक्ती होती, पण फार नव्हती. चष्म्याच्या दुकानामागच्या खोलीत, खिडकीशी त्यांचं टेबल. टेबलावर काच घासायचं चाक, चाकावर थेंब थेंब पाणी सोडणारी नळी, आणि डाव्या हाताला त्या दिवसाच्या चष्म्यांच्या पाकिटांची चळत. गोल काच घ्यायची, फ्रेमच्या मापाने तिच्या कडा चाकावर उतरवायच्या, पुसून उजेडात धरायची, पुन्हा घासायची. केसाएवढी जास्त घासली तर फ्रेममध्ये खुळखुळते, केसाएवढी कमी घासली तर बसवताना तडकते. त्यांच्या हातून वर्षाला जेमतेम दोन काचा तडकायच्या, आणि त्या दोन्ही दिवशी त्या कुणाशी बोलायच्या नाहीत.

यजमान बसचे ड्रायव्हर, आता निवृत्त. "मी लांबचं बघून पोट भरलं, हिने जवळचं बघून," ते म्हणायचे. "म्हणून संसार टिकला. दोघांची नजर एकाच जागी असती तर रोज टक्कर झाली असती." टक्कर तशीही अधूनमधून व्हायची, पण ती गोष्ट ते सांगत नसत.

तर अशा या भिंगताईंचं डोकं दुखायला लागलं. दुपारचे चार वाजले की कपाळात कुणीतरी खिळा ठोकतंय असं वाटायचं. समोरच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासलं आणि सांगितलं, "नंबर वाढलेला नाही. डोळे कंटाळलेत तुमचे. रोज सकाळी अर्धा तास लांबचं बघत जा."

"लांबचं म्हणजे काय बघू?"

"काहीही. लांब असलं म्हणजे झालं."

दुसऱ्या दिवसापासून भिंगताई सकाळी तळ्याच्या बांधावर जाऊन उभ्या राहू लागल्या. पण नुसतं लांब बघणं हे वाटतं तितकं सोपं नाही. हातांना काम नाही, डोळ्यांना ठिकाण नाही. पाच मिनिटांत त्यांना आपण कुणाच्या तरी लग्नात आगंतुकासारख्या शिरलोय असं वाटायला लागायचं. येणारे-जाणारे विचारायचे, "कुणाची वाट बघताय का?" चौथ्या दिवशी तळ्याचा राखणदार स्टूल घेऊन शेजारी येऊन बसला. बराच वेळ खाकरला आणि हळूच म्हणाला, "ताई, घरी काही झालंय का? आयुष्यात चढउतार असायचेच. पाणी काय, आज आहे तसंच उद्याही राहील. चहा घेता?"

काय संशय आलाय हे लक्षात आल्यावर भिंगताईंना हसू आवरेना. चहा मात्र त्यांनी घेतला.

घरी ही हकिकत ऐकून यजमान म्हणाले, "चूक तुझीच आहे. रिकाम्या हाताने उभ्या माणसावर कुणीही संशय घेतं. हातात काहीतरी धरून उभी राहत जा."

मग त्यांनी पिशवी नेऊन पाहिली, छत्री नेऊन पाहिली. छत्री नेली त्या दिवशी तर तिघांनी आभाळाकडे बघून चिंता व्यक्त केली.

त्याच आठवड्यात मालकांनी दुकानाची दर्शनी काच साफ करायला काढली. मालक म्हणजे जुन्या मालकांचा मुलगा. भिंगताईंनी त्याला अर्ध्या चड्डीत पाहिलेलं, त्यामुळे त्या त्याला 'मालक' म्हणायच्या तेव्हा दोघांनाही जरा गंमत वाटायची. काचेमागे, फ्रेमांच्या मध्ये, शोभेसाठी म्हणून एक जुना डबा कॅमेरा वर्षानुवर्षं ठेवलेला होता. काळा, चौकोनी, वर कातड्याची मूठ. लांबून बघावं तर शाळेत न्यायचा जेवणाचा डबाच. मालकांनी तो झटकला, शिंकले, आणि म्हणाले, "ताई, हा टाकून देऊ का? याच्या तोंडातली काचच गायब आहे."

"बघू," म्हणून भिंगताईंनी तो हातात घेतला. खटका दाबला. टक्. पुन्हा दाबला. टक्. मागचं झाकण उघडून आत पाहिलं आणि त्या चाट पडल्या. आत काही नव्हतंच! एका टोकाला भोक, दुसऱ्या टोकाला फिल्म ताणून धरायची जागा, आणि मधे अंधार.

"एवढंच?" त्या म्हणाल्या. "अहो मालक, हा तर नुसता चष्मा घातलेला डबा आहे. त्यातला चष्मा तेवढा हरवलाय."

"मग द्या करून त्याला चष्मा," मालक म्हणाले. चेष्टेत म्हणाले, पण चेष्टा करताना माणसाने समोर कोण आहे ते बघावं.

भोकापासून फिल्मपर्यंतचं अंतर त्यांनी पट्टीने मोजलं. चार इंच, म्हणजे दहा सेंटिमीटर. आणि समोरच्या दृश्याचं दहा सेंटिमीटरवर चित्र पाडणारी काच म्हणजे अधिक दहा नंबर, हे त्यांना झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. रोज त्या तेच करायच्या. काच खिडकीसमोर धरली की बाहेरचा रस्ता भिंतीवर उतरायचा. एवढासा, उलटा, सायकली आणि माणसांसकट. ते चित्र कुठे स्वच्छ उमटतं त्यावरून नंबर ताडायचा. पण इतका दांडगा नंबर आता कुणाला लागतो? पूर्वी मोतीबिंदू काढला की डोळ्यात काही बसवत नसत. जाड भिंगांचा चष्मा द्यायचे, तो अधिक दहाचा असायचा. दुकानात तसली काच येऊन वर्षं लोटली होती.

आणि एकदम त्यांना आठवलं. घरात आहे की! काखेत कळसा आणि गावाला वळसा. सासऱ्यांचा चष्मा कपाटाच्या खणात होता. सासरे जाऊन नऊ वर्षं झाली होती. तो चष्मा भिंगताईंनीच घडवलेला. उजवी काच दहा, डावी साडेदहा.

"अहो, बाबांचा चष्मा घेऊ का?" संध्याकाळी त्यांनी विचारलं. "उजवी काच फोडायची नाही, घासून लहान करायचीय."

यजमानांनी खण उघडून चष्मा बाहेर काढला. मग म्हणाले, "घे. ठेवून काय त्याचं लोणचं घालायचंय?"

ती काच घासायला त्यांना दोन दुपारी लागल्या. मधे जाड, कडेला पातळ, आणि मोठ्या रुपयाएवढी लहान करायची. चाकाला जरा जोर लागला की कपची उडणार. मालक दारातून दोनदा डोकावले आणि श्वास रोखून परत गेले. शेवटी काच भोकामागच्या कड्यात अशी चपखल बसली की जणू कारखान्यातूनच ती तिथे बसून आली असावी.

आता फिल्म हवी. बाजारपेठेच्या टोकाला एक जुना स्टुडिओ होता. त्याचे मालक, ज्यांना सगळं गाव फोटोवाले म्हणायचं, आता ओळखपत्रांचे फोटो काढायचे आणि कपांवर लोकांची तोंडं छापून द्यायचे. भिंगताईंनी टेबलावर डबा ठेवल्यावर म्हातारबुवांनी तो उचलून कानाशी नेला, खटका दाबून ऐकला, आणि आत जाऊन फ्रीजमधून फिल्मचा रोल आणला.

"आठ फोटो निघतील," ते म्हणाले. "नववा मागायचा नाही. सूर्य पाठीमागे ठेवायचा. डबा पोटाशी धरायचा, श्वास धरायचा, मग खटका. आणि प्रत्येक फोटोनंतर ही चावी फिरवायची. मागच्या लाल खिडकीत पुढचा आकडा येईपर्यंत. विसरलात तर एकावर एक दोन फोटो बसतील."

"नाही विसरणार."

"सगळे विसरतात," फोटोवाले म्हणाले.

पहिला रोल भिंगताईंनी चार सकाळींत संपवला. आता कुणी त्यांना काही विचारेना. हातात कॅमेरा असलेली बाई तासभर एकाच झाडाकडे बघत उभी राहिली तरी लोक वाट वाकडी करून, अदबीने मागून जातात, हे त्यांना पहिल्यांदा कळलं. राखणदाराने तर स्टूल घेऊन शेजारी येणंच सोडून दिलं.

फोटोवाल्यांनी फिल्म धुतली आणि पट्टी उजेडात धरली.

"धुकं होतं का?"

"नाही. लख्ख ऊन होतं."

"हे काय आहे?"

"तळं."

"काढण्याआधी ढवळलं होतंत का?"

आठही फोटोंत मधोमध नखाएवढं काहीतरी बरं दिसत होतं, बाकी सगळी पेज. भिंगताई तोंड एवढंसं करून घरी आल्या. ही आपली तडकलेली काच, असं त्यांना वाटलं, आणि त्या दिवशी त्या खरोखरच कुणाशी बोलल्या नाहीत.

तिसऱ्या दिवशी एका गिऱ्हाइकाच्या चष्म्यात काच बसवताना त्यांचा हात थांबला. चष्म्यात काचेचा फुगवटा बाहेर असतो, खोलगट बाजू डोळ्याकडे. सवयीने त्यांनी कॅमेऱ्यातही तशीच बसवली होती. पण कॅमेरा म्हणजे डोळा नव्हे. उलटी बसवली तर? त्या जेवायच्या सुट्टीत डबा घेऊन बसल्या. काच फिरवली, फिल्मच्या जागी अर्धपारदर्शक कागद ताणला आणि डबा खिडकीकडे रोखला. मागच्या वेळी त्यांनी फक्त मधलं चित्र तपासलं होतं. या वेळी कोपऱ्यांपर्यंत पाहिलं. मधला रस्ता कोरल्यासारखा स्वच्छ. कडेची घरं अजून थोडी वळत होती, पण घरं होती. पेज नव्हती.

"म्हणजे इतके दिवस त्या बिचाऱ्याने चष्मा उलटा घातला होता!" यजमान म्हणाले. आणि उत्साहाच्या भरात पुढच्या रविवारी स्वतःही बांधावर आले. ही मात्र आपत्तीच ठरली.

आधीच त्या डब्यावर दृश्य बघायला जी छोटी खिडकी होती, तिच्यात डाव्याचं उजवं दिसायचं. भिंगताई झाड मधे आणायला उजवीकडे वळल्या की झाड पळून भलतीकडे जायचं. त्यात यजमान. "थोडं मागे... मागे घे... येऊ दे, येऊ दे..." ते बस मागे घेतल्यासारखे हातवारे करत होते. "डावीकडे कट मार!"

"अहो, तुम्ही फोटोत येताय."

"मी कुठे? मी बाजूला आहे."

दुसऱ्या फोटोत त्यांचा कान आला. तिसऱ्यात कोपर आलं. चौथ्याच्या वेळी भिंगताई चावी फिरवायला विसरल्या, त्यामुळे फिल्म धुतल्यावर असं दिसलं की यजमान तळ्याच्या पाण्यावरून शांतपणे चालत येताहेत. "बघ," ते म्हणाले, "तुला माझी किंमत नाही."

पण पाचवा फोटो वेगळा निघाला. राखणदाराने केटली ठेवली होती आणि स्टुलावर बसून पाण्याकडे बघत होता. मागे बांधाला लावलेली होडी. भिंगताईंनी डबा पोटाशी धरला, श्वास धरला आणि खटका दाबला. त्या फोटोत राखणदाराच्या मिशीचा केस न् केस दिसत होता. आणि त्याच्या भोवती झाडं, पाणी, बांधाचे दगड, सगळं गोल फिरत निघालं होतं. जणू भोवतालच्या जगाला घाई झाली होती आणि त्याला तेवढी नव्हती.

फोटोवाल्यांनी तो बराच वेळ बघितला. "हा मोठा करतो," ते म्हणाले. "दोन प्रती. एक तुम्हाला."

"आणि दुसरी?"

"दुसरी कुणाची, ते तुम्हाला कशाला हवंय?"

राखणदाराला दाखवला तेव्हा तो म्हणाला, "चेहरा चांगला आलाय. पण वारा एवढा सुटलेला नव्हता हो त्या दिवशी."

भिंगताईंची प्रत मालकांनी हौसेने चौकटीत बसवून दुकानात, गिऱ्हाइकांच्या बाकासमोर लावली. लावली आणि पस्तावले. नवा चष्मा घालून माणूस मान वर करायचा, तर समोर हा फोटो. "अहो, मधलं ठीक दिसतंय, पण कडेचं सगळं फिरतंय!" एका गृहस्थांनी चष्मा दोनदा बदलून घेतला. एक बाई भोवळ आली म्हणून खाली बसल्या. डोळ्यांत तेल घालून तपासलेले नंबर, आणि लोक ते खोटे ठरवायला लागले.

"ताई, राग मानू नका," मालक आठवड्याने म्हणाले, "पण हा फोटो धंद्याच्या मुळावर आलाय. आत लावू का, तुमच्या टेबलापाशी?"

ते स्टुलावर चढून चौकट काढत होते तेवढ्यात मागून खणखणीत आवाज आला, "राहू दे तो. हलवू नकोस."

मालकांचा हात आपोआप मागे आला. कारण आवाज मोठ्या बाईंचा होता. मोठ्या बाई म्हणजे त्यांच्या शाळेच्या मुख्याध्यापिका. निवृत्त होऊन वीस वर्षं झाली तरी त्यांच्या आवाजाने गावातली निम्मी कर्ती माणसं अजून ताठ उभी राहायची. त्या चष्म्याचा स्क्रू घट्ट करून घ्यायला आल्या होत्या. काठी टेकत फोटोपाशी गेल्या, मागे सरकल्या, पुन्हा पुढे गेल्या.

"हे कुणी काढलंय?"

भिंगताई आतून हात पुसत आल्या. आता काय ऐकावं लागतंय, असा चेहरा करून म्हणाल्या, "मी."

"मला हे असं दिसायचं," मोठ्या बाई म्हणाल्या. "अकरा वर्षं. मोतीबिंदू काढल्यावर जाड भिंगं दिली होती ना, नवीन ऑपरेशन करून डोळ्यातच भिंग बसवेपर्यंत. समोरचं लख्ख, आणि कडेचं सगळं असं वळत जायचं. दाराची चौकट सरळ दिसायची नाही. पेला घ्यायला हात घालावा तर पेला भलतीकडेच. बाजूने माणूस आलं की एकदम भुतासारखं उगवायचं, आणि मी दचकायची. घरचे म्हणायचे, म्हातारी धांदरट झाली. मी सांगून पाहिलं. पण जे मलाच दिसतंय ते दुसऱ्याला कसं सांगणार?" त्यांनी काठीच्या टोकाने फोटोची कड दाखवली. "हे बघ. हे असं."

भिंगताईंना सासरे आठवले. जेवताना हमखास पाणी सांडणारे. चौकटीला खांदा आपटणारे. स्वयंपाकघराच्या दारातून त्या बाजूने आत आल्या की दचकून "कोण?" म्हणणारे. आणि कोपऱ्यात पेपर वाचता वाचता यजमानांचा आवाज, "बाबा, समोर बघून चाला ना!"

"त्यात... त्या कॅमेऱ्यात तशीच काच आहे," त्या शेवटी म्हणाल्या. "दहा नंबरची. माझ्या सासऱ्यांची. मीच केली होती."

"काच चांगली केली होतीस," मोठ्या बाई म्हणाल्या. "दोष काचेचा नव्हता. पण हे चित्र तेव्हा माझ्याकडे असतं तर चौकट करून जेवणाच्या टेबलासमोर टांगलं असतं."

संध्याकाळी भिंगताईंनी यजमानांना सगळं सांगितलं. फोटोही बरोबर आणला होता. यजमानांनी तो मांडीवर घेतला आणि बसून राहिले. तीस वर्षांच्या संसारात हा माणूस पाच मिनिटं गप्प बसल्याचं भिंगताईंना आठवत नव्हतं, म्हणून त्यांनी चहा ठेवला आणि मधे बोलल्या नाहीत.

"मी त्यांना म्हणायचो, समोर बघून चाला," यजमान बऱ्याच वेळाने म्हणाले. "ते समोरच बघत होते, नाही का गं?"

"आपल्याला काय माहीत होतं?"

"तुला पण नव्हतं?"

"मी कडा बघायची हो. फ्रेममध्ये बसल्या की माझं काम संपलं."

यजमानांनी चहा घेतला. मग म्हणाले, "एकदा त्यांनी पाण्याचा पेला माझ्या पेपरवर सांडला. मी किती बोललो! आणि ते म्हणाले, 'अरे, पेलाच सरकला.' मला वाटलं, सबबी सांगतायत." ते हसायला लागले, आणि हसता हसता त्यांनी डोळे पुसले. "पेलाच सरकला! खरंच सरकला असेल."

मग दोघांनी मिळून सासऱ्यांच्या आठवणी काढल्या. खूप दिवसांनी काढल्या, आणि त्यांतल्या बहुतेक हसवणाऱ्याच निघाल्या.

फोटो पुन्हा दुकानात गेला. मालकांनी त्याखाली स्वतःच्या अक्षरात लिहिलं, 'फोटो असाच आहे. तुमचा चष्मा बरोबर आहे.' त्यानंतर तक्रारी थांबल्या. उलट काही जण आपल्या आईला, आजोबांना हाताला धरून आणून फोटोसमोर उभे करायला लागले आणि विचारायला लागले, "तुम्हाला पण असंच दिसायचं का हो?"

मोठ्या बाई मात्र तेवढ्यावर थांबणाऱ्या नव्हत्या. पुढच्या रविवारी सकाळी सात वाजता त्या टोपी घालून भिंगताईंच्या दारात उभ्या. "आज कुठे जायचंय?" अशा थाटात विचारलं की नाही म्हणायची सोय नव्हती. त्यांना पोचवायला मालक आले होते, ते थांबले. वाटेत फोटोवाले भेटले. योगायोगाने, असं त्यांचं म्हणणं. पण खिशात रोल होता. पाच जण बसने टेकडीच्या पायथ्याशी उतरले. सबंध प्रवासात यजमान ड्रायव्हरच्या मागे बसून गिअर कसा टाकतोय ते ऐकत होते आणि चुकचुकत होते.

टेकडीवर पिवळं गवत कमरेएवढं वाढलं होतं आणि वारा मनस्वी होता. आठ फोटो, माणसं पाच. कुणाला किती, यावर मोठ्या बाईंनी एका वाक्यात निकाल दिला, "प्रत्येकाला एक, उरलेले तीन माझे." कुणी हूं की चूं केलं नाही. यजमानांनी आपला फोटो काढायला एवढा वेळ घेतला की मालकांची डुलकी झाली. फोटोवाल्यांनी फक्त एका वाळक्या काटकीचा काढला, आणि कारण सांगितलं नाही.

मोठ्या बाईंच्या वाट्याचे तीन झाले. चौथ्यासाठी त्यांनी सगळ्यांना उंचीप्रमाणे ओळीत उभं केलं. "हलू नका. मालक, दात दिसू देत. फोटोवाले, तुम्हाला हसता येत नसेल तर निदान रागावू नका." डबा पोटाशी धरला, मान खाली घातली. आणि नेमका त्याच वेळी वाऱ्याचा असा झोत आला की त्यांची टोपी उडाली आणि गवतावरून टुणटुण उड्या मारत उताराला लागली.

ओळ मोडली. चौघंही टोपीमागे धावले. यजमान सर्वांत पुढे, "ब्रेक! ब्रेक!" ओरडत, मालक घसरत, फोटोवाले धोतर सावरल्यासारखी पँट धरून, आणि भिंगताई हसून हसून पोट धरत सगळ्यांच्या मागे.

"थांबा म्हटलं ना!" मोठ्या बाई ओरडल्या, आणि खटका दाबला. टक्.

त्या फोटोत एकाचाही चेहरा नाही. मधोमध चार पाठी आहेत, लख्ख. टोपी वरच्या कोपऱ्यात ताणून लांबोडकी झालीय आणि सगळं गवत तिच्या मागे वळत निघालंय. फोटोवाल्यांनी पाच प्रती काढल्या. मोठ्या बाईंनी आपली प्रत तपासली, मागच्या बाजूला निळ्या पेनाने लिहिलं, 'शिस्त: शून्य. चित्रकला: उत्तम,' आणि खाली तारीख टाकून सही केली.